वरचंद

११ जून १९९६

वेळू आजही वर आली नाही.

सकाळपासून लिहिलेलं सगळं फाडलं. ती पाताळाच्या तोंडाशी येते. हात वर करते. बोटं दगडाच्या काठाला लागतात — आणि वाक्य मरतं! आजवर ही पोरगी मी म्हणेन त्या बोळातून गेली, म्हणेन त्या डोहात उतरली. आता नुसतं वर यायचं, तर अडून बसलीय. ‘तळदेश’ या माझ्या कादंबरीमालेचा हा शेवटचा भाग. त्याचं शेवटचं प्रकरण. शेवटचं पान म्हटलं तरी चालेल.

आणि ते पान लिहायला घेतलं की तो वास येतो. आंबूस, कोंदट — जुनी ज्वारी साठवलेल्या जागेला येतो तसा. आशाला विचारलं, धान्याला ओल लागलीय का? म्हणाली, "डबे हुंगून बघा की. मला तर तुमच्या तंबाखूचाच वास येतोय."

मी डबे हुंगले. खरंच हुंगले. काही नाही.

१२ जून

आजही नाही.

१५ जून

पेपरात माझ्यावर लेख. मथळा — ‘कामगार वस्तीतला बालसाहित्यिक’.

बालसाहित्यिक! बालसाहित्यात ससे असतात. मी लिहितो ते मिसरूड फुटू लागलेल्या पोरांसाठी, आणि आरशासमोर उभं राहून स्वतःचाच राग येणाऱ्या पोरींसाठी. त्या वयाला ससा नको असतो, आणि मोठ्यांच्या कादंबरीतली नोकरी-संसाराची रडगाणी तर मुळीच नको असतात. दुसरा देश हवा असतो. मी तो दिला. इतकं साधं आहे, पण लिहिणाऱ्याला कळलेलं नाही. शेवटी विचारतो, ‘वाकळे प्रौढांसाठी केव्हा लिहिणार?’ — जसा काही मी अजून पाटी-पेन्सिल घेऊन बसलोय.

माहितीही चूक. ‘कारखान्यात मजूर होते.’ मी टर्नर होतो. चिकलठाण्याला लेथवर उमेदीची वर्षं काढली. मजूर आणि टर्नर यांतला फरक ज्याला कळत नाही त्यानं माझ्याबद्दल लिहूच नये.

इथं नोंदवून ठेवतो, म्हणजे माझ्यामागं कुणी भलतं छापणार नाही. शाळा सातवीपर्यंत. वडील मी पोटात असताना गेले. गाव अंबडकडं. अठ्ठेचाळीसला पोलीस ॲक्शन झाली आणि आई मला घेऊन इथं आली, लोकांची धुणीभांडी केली, पुन्हा गावाकडं तोंड केलं नाही. विचारलं तर एकच — "तिथं आपलं कुणी नाय." मला भाऊ नाही, बहीण नाही, गुरू नाही. ड्रॉइंग वाचायला कारखान्यात शिकलो, कादंबरी वाचायला वाचनालयात. पहिला भाग पुण्याच्या प्रकाशकानं परत पाठवला. शेरा — ‘पाताळात चंद्र कसा?’ केशवराव औरंगपुऱ्यात शाळेची पुस्तकं छापायचे, त्यांनी हिंमत केली. आता त्याच पुण्यात पोरी वेळूसारखी वेणी घालतात म्हणे.

आणि पाताळात चंद्र कसा — तेच तर माझं आहे! तळदेशातल्या लोकांच्या डोक्यावर एक चंद्र असतो. वाटोळा. उगवत नाही, मावळत नाही, जागचा हलत नाही. त्याचं नाव वरचंद. हा शब्द कुठल्याही कोशात नाही. मी घडवला. लेथवर जॉब फिरत होता, टोकाशी उजेड लकाकला आणि शब्द तोंडात आला. आयता.

नियमही माझे. तळदेशात जमिनीवर बसायचं नाही. बसला त्याला झोप लागते आणि ती झोप उतरत नाही. म्हणून लहान असतील त्यांना मोठ्यांनी खांद्यावर घ्यायचं. वेळूच्या खांद्यावर ‘खांदूक’ असतो — माणूस नाही, माकड नाही, हट्टी, रडका, सदा भुकेला. तिसऱ्या भागात आणला. वाचकांचा जीव त्याच्यावर वेळूपेक्षा जास्त. मला तो आवडत नाही. पण तिच्या खांद्यावरून उतरवता येत नाही.

अर्पणपत्रिकेचं पान आजवर प्रत्येक भागात कोरं. केशवराव दर वेळी विचारतात. कुणाला अर्पण करू? मला कुणी काही शिकवलेलं नाही.

१९ जून

आशाच्या भाचीचं लग्न, बजाजनगरला. पंगत खाली. मी उभा. शेवटी कुठून तरी खुर्ची आली. मेव्हणा ओरडला, "वाट द्या, सरकार आले!" सगळा मांडव हसला.

मी जमिनीवर बसत नाही. कधीच बसत नाही. पायाला काही झालेलं नाही — माणसानं आपला मान आपण ठेवावा. आई असतानाही नाही. ती बिचारी मला बस म्हणायचीही नाही. उंच पाटावर ताट द्यायची आणि मी उभ्या उभ्या खायचो.

घरी येताना आशा रिक्षात म्हणाली, "वधूपिता खाली आन् तुम्ही खुर्चीत. बरं दिसतं का?"

"मला जमत नाही."

"जमत नाय का करवत नाय?"

असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नसतो.

२४ जून

केशवराव स्वतः घरी आले. दिवाळीला पुस्तक बाजारात पाहिजे. चहा पिता पिता म्हणाले, "वाकळे, एवढं काय अडलंय? दोराला धरून आली वर आणि सूर्य बघितला. संपलं!"

"दोर नाही तिथं."

"मग सोडा की एक दोर. तुमचंच पाताळ आहे."

"माझं आहे म्हणूनच सोडता येत नाही. नकाशा स्केलवर काढलाय मी. दोर कुठून येणार? वर कोण आहे दोर सोडायला?"

त्यांनी कप ठेवला. "बरं, मग मारून टाका तिला. शोकांत. समीक्षक खूश."

मी इतका मोठ्यानं ‘नाही!’ म्हणालो की आशा आतून बाहेर आली. केशवराव घाबरले. मीही.

२ जुलै

लिखाण अडलं की हाताला काम द्यायचं. महालक्ष्म्यांचे मुखवटे पेटीतून काढले, रंगाला बराच अवकाश असूनही. ज्येष्ठा, कनिष्ठा आणि पुढं मांडायचं बाळ. आमच्याकडं बाळ एकच — मुलगा. सगळीकडं मुलगा-मुलगी जोडीनं मांडतात. आमच्या मुलीचा मुखवटा फुटला म्हणे, आणि आईनं दुसरा आणू दिला नाही. अर्धवट मांडणी मला खुपते. जोडी असेल तर जोडी हवी. पण आईचं घर, आईचे नियम. माठावरसुद्धा झाकण चालायचं नाही तिला, फडकं बांधायची. आशानं लग्नात झाकणाचे डबे आणले, तर झाकणं काढून माळ्यावर टाकली.

ज्येष्ठेच्या भुवईला कुंचला लावला आणि कानाशी कुणी तरी बोललं — बसू नको.

खिडकीतून बघितलं. गल्लीत एक बाई पोराला ओढत होती, पायरी ओली होती. तीच म्हणाली असणार. तीच. पण आवाज बाईचा नव्हता. पोरीचा होता.

भुवई बिघडली. पुसून पुन्हा काढली.

७ जुलै

आज अपमान झाला. सविस्तर लिहितो.

पडेगावच्या शाळेत वाचक मेळावा. पोरंपोरी गच्च. मी बैठकीवरचा माईक नाकारला, उभा राहून बोललो. तळदेशाचे नियम सांगितले, पोरं पुढचं पुढचं आपणच म्हणत होती. मग शब्दांवर आलो. सांगितलं, की लेखकानं शब्द उसने घेऊ नयेत, घडवावेत. उदाहरण — वरचंद.

मागून एक बाई उठली. डोईवर पदर, नातीबरोबर आलेली. म्हणाली, "साहेब, त्यो शब्द आमच्या गावचा हाय."

हशा झाला. मी नम्रपणे सांगितलं, आजी, हा शब्द कुठंच नाही, मी तयार केलाय.

"नाय हो. पेव असतंय ना, ज्वारीचं? रिकामं झालं की आम्ही पोरी झाडायला उतरायचो. खालून वर बघितलं की पेवाचं तोंड दिसतंय — वाटोळं, उजेडाचं. त्याला वरचंद म्हणायचो आम्ही."

पोरं माझ्याकडं बघतायत. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तुमच्या नातीनं माझं पुस्तक वाचून दाखवलेलं दिसतंय. त्यातून तुमची गल्लत झालीय."

बाई नुसती हसली. "आसंल," म्हणाली नि खाली बसली.

ते ‘आसंल’ पोटात घेऊन घरी आलो.

८ जुलै

सगळे कोश पुन्हा चाळले. नाही. कुठंच नाही!

१० जुलै

पेव! मी आयुष्यात पेव बघितलेलं नाही. जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, एवढं वाचून ठाऊक.

मग तो वास कशाचा, हे मला कसं कळलं?

१४ जुलै

जेवण जात नाही. आशा म्हणाली, "एका शब्दापायी किती झुरता! गेला तर गेला. तुमच्याकडं काय शब्दांचा दुष्काळ पडलाय?"

"तो एकच शब्द नाही. तो गेला तर चंद्र गेला. चंद्र गेला तर देश गेला."

"मग जाऊन विचारा की तिला. बाईमाणूस खाऊन टाकती का काय?"

जाणार. सोक्षमोक्ष लावणार. साक्षीपुरावे घेणार.

२१ जुलै

आजचं कसं लिहू कळत नाही. झालं तसं लिहितो.

वच्छलाबाई नाव त्यांचं. पडेगावला लेकाकडं राहतात. घर साधं, अंगण सारवलेलं. मला खाट दिली. नातीनं पाणी आणलं. मी थेट विचारलं, तुमचं गाव कुठलं?

त्यांनी सांगितलं.

मी म्हणालो, "आमचंही तेच."

बाईंनी चष्मा वर केला. "कुणाचा तू?"

"सारजाबाई वाकळेचा. रामकिसन."

तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. सूप तसंच मांडीवर. मग उठल्या, माझ्याजवळ आल्या, दोन्ही हातांनी तोंड चाचपलं — आंधळं माणूस चाचपतं तसं. आणि म्हणाल्या, "खांदूक! आरं, तू खांदूक व्हय रे?"

मी हात झटकला. म्हणजे हिनं तिसरा भागही ऐकलाय! नातीकडं वळलो. "तिसरा भाग वाचलास ना तू?"

"नाही सर. आमच्या शाळेत पहिलाच आहे. पुढचे येतात म्हणतात, येतच नाहीत."

"खांदूक कोण, ठाऊक आहे?"

"नाही. कोण?" पोरीचे डोळे चमकले. "पुढच्या भागात आहे का?"

पाणी प्यालो. वच्छलाबाई पदरानं तोंड पुसत होत्या. "आवडी तुला खांदूक म्हणायची. खांद्यावरनं उतरायचाच नाय तू. पाण्याला जायचं, खांद्यावर. शेण गोळा करायचं, खांद्यावर. नऊ वर्सांची व्हती, माझी मैतरीण. लई शब्द काढायची! बेडकाला काय, धुक्याला काय — वरचंद तिनंच काढला. आम्ही निस्तं म्हणायचो."

"कोण आवडी?"

बाई खाली बसल्या.

"तुझी बहीण रे."

मी म्हणालो, मला बहीण नव्हती. हे मी नीट, शांतपणे म्हणालो. दोनदा म्हणालो असेन. त्यांनी वाद घातला नाही. नातीला दुकानात पाठवलं. मग सांगितलं. त्यांचे शब्द जमतील तसे उतरवतो, मी मध्ये काही घालत नाही.

"महालक्ष्म्या नुकत्याच उठल्या व्हत्या. रझाकार येणार, येणार, रोज आवई. त्या दिशी दुपारी वाटंवर धुरळा दिसला. लई मोठा. गाव पळालं. पोरांना घिऊन पळता येईना म्हणून तुझ्या आईनं तुम्हा दोघांना पेवात उतरवलं. पेव चार-आठ दिसांखाली रिकामं केल्यालं. वर फरशी. फरशीवर शेण सारवलं, वर कडबा टाकला. कुणाला कळू नये म्हणून. आन् बाया समद्या लांब तुरीत जाऊन बसल्या. मीबी. गाड्यांचा आवाज आला, तुझ्या आईनं तोंडात पदर कोंबला."

मग सूप ओढून त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

"त्यो धुरळा रझाकारांचा नव्हताच, बाबा. फौज व्हती. आपलीच. हिंदची. गावात गूळ वाटला. हलगी वाजली. आम्हाला तुरीत हलगी ऐकू आली, वाटलं — त्येंचीच. उठलो नाय. दिवेलागणीपातूर उठलो नाय."

पेव उघडलं ते लतीफ पिंजाऱ्यानं. गाव नाचत होतं, तो एकटा घरात कडी लावून बसला होता. त्याला भीती नाचणाऱ्यांची. भिंतीपलीकडं जमिनीतून रडणं ऐकलं त्यानं. जिवावर उदार होऊन बाहेर आला, कडबा लोटला, फरशी सरकवली.

"पेवात खराब हवा असती. ती खाली बसती, पाण्यावाणी. आवडीला ठाऊक व्हतं — आम्हाला समद्या पोरींना आया सांगायच्या, पेवात गरगरलं तर खाली बसू नको. ती बसली नाय. भिंतीला पाठ लावून हुबी ऱ्हायली आन् तुला खांद्यावर हुबं केलं. फरशीचा टवका उडाल्याला, तितं शेण धरलं नव्हतं, फट व्हती. तुझं तोंड फटीशी आलं. तिचं नाय आलं."

लतीफनं आधी मला ओढलं. मग तिला. ती तशीच उभी होती, म्हणाल्या. भिंतीला टेकून. उभी.

आई तिला नदीकाठी ठेवून आली, महालक्ष्म्यांची पेटी डोक्यावर घेतली, मला कडेवर घेतलं आणि निघाली. फरशी तिनंच लावली होती ना, सारवलीही तिनंच. गाव काही म्हणालं नाही. ते तिला जास्त लागलं असेल.

"तुला खाली ठिवलं की तू किंचाळायचास," वच्छलाबाई म्हणाल्या. "येशीपातूर ऐकू येत व्हतं."

२२ जुलै

खोटं आहे.

२३ जुलै

हेतू काय असेल बाईचा? पैसा मागितला नाही. नाव मागितलं नाही. उलट निघताना तांदूळ बांधून देत होती.

२६ जुलै

आशाला सांगितलं. आज पहिल्यांदाच तिनं मला टोमणा मारला नाही. म्हणाली, "झाकणं."

एवढंच. आम्ही दोघंही माळ्याकडं बघत राहिलो.

४ ऑगस्ट

गावाला जाऊन आलो. टेप घेऊन गेलो होतो, आणि पहिला भाग — त्यात तळदेशाचा नकाशा आहे, मी काढलेला. ताडून बघायचं. दिसलं नाही जुळत तर बाई खोटी.

आमची जागा आता वैजनाथ म्हणून एक तरुण शेतकरी कसतो. वच्छलाबाईंनी निरोप धाडला होता, त्यानं पेव आदल्या दिवशीच उघडून ठेवलेलं. मी वाकलो तशी दंडाला धरून मागं ओढलं. "काका, आधी कंदील." दोरीला कंदील बांधून सोडला. आम्ही दोघं पालथे पडून बघत राहिलो. ज्योत हलली, पिवळी झाली, पण विझली नाही. मग शिडी टाकली.

"काय ठिवलंय आत?" त्यानं विचारलं.

"बघायचंय."

गळा अरुंद. माणूस अंग चोरून जाईल एवढा. खाली पोट सुटत गेलेलं. भिंती गुळगुळीत, लिंपलेल्या. पाय तळाला टेकले आणि तो वास आला. तोच. माझ्या टेबलापाशी येतो तो.

नकाशा उघडायची गरज पडली नाही. तळदेशाचं तोंड, दक्षिणेचा फुगवटा, वेळू पाठ टेकून उभी राहते तो कोपरा — मी स्केलवर काढला होता. फक्त स्केल चुकलं होतं. कोसांचं काढलं. होतं हातांचं.

वर बघितलं.

वाटोळा. पांढरा. उगवत नाही, मावळत नाही, जागचा हलत नाही.

टेप खिशात होती. काढली नाही. लागलीच नाही. नऊ वर्षांची पोर इथं उभी राहिली तर तिचं डोकं माझ्या छातीला. तिच्या खांद्यावर पोर उभं राहिलं तर त्याचं तोंड गळ्यात, बरोबर फटीशी.

तिचं नाही.

वरून वैजनाथ म्हणाला, "काका, बरं हाय ना? बसू नका बरं का खाली!"

मी म्हणालो, नाही बसत.

५ ऑगस्ट

मी शब्द घडवतो असं आयुष्यभर सांगत आलो. ती खाली अंधारात माझ्याशी बोलत असणार. मला गप्प ठेवायला. गोष्ट सांगत असणार — इथं एक देश आहे, त्याला एक चंद्र आहे, तिथं बसायचं नाही. दिवेलागणीपर्यंत. श्वास पुरेल तोवर.

मला तिचं तोंड आठवत नाही. आवाज आठवत नाही. नियम तेवढे आठवतात.

१२ ऑगस्ट

लिहिलं. सकाळी टेबलाशी गेलो आणि वाक्य मेलं नाही.

वेळू वर येत नव्हती कारण ती येतच नाही. मी उगाच तिला ओढत होतो. बोटं काठाला लागतात ती तिची नाहीत. खांदूकची आहेत. वर येतो तो खांदूक — हट्टी, रडका, भुकेला — आणि उजेडात आल्यावर आपण कुणाच्या खांद्यावर होतो तेच विसरतो. मग जन्मभर फुशारकी मारत हिंडतो की मी उडून आलो.

शेवटचं वाक्य लिहून हात खाली ठेवला. वास नाही.

१९ ऑगस्ट

केशवराव प्रेसमध्येच वाचत बसले. मी उभा. वाचून झाल्यावर चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "पोरं मला फाडून खातील, वाकळे. वेळू खालीच?"

"खालीच."

"आणि ती बसत नाही, झोपत नाही? मग मेली की नाही?"

"उभी आहे," मी म्हणालो. "एवढंच मला ठाऊक आहे. तेवढंच छापा."

त्यांनी पानं जुळवून गठ्ठा बांधला. मग सवयीनं विचारलं, "अर्पणाचं पान कोरंच ना?"

मी म्हणालो, नाही.

त्यांनी पेन उचललं, नाव लिहून घेतलं. "आवडी — पुढं काय? आडनाव, नातं?"

"काही नाही. आणि पुढच्या आवृत्तीत सगळ्या भागांवर."

१ सप्टेंबर

मुखवटे रंगवून झाले. आशानं पेटी झटकायला घेतली. तळाला लुगड्यांच्या घड्या, त्यांच्याखाली आईच्या जुन्या खणात गुंडाळलेलं काही तरी. मला वाटलं, फुटके तुकडे असतील.

मुलीचा मुखवटा. कुठंही फुटलेला नाही. टवकासुद्धा नाही. रंग मात्र पार उडालेला — गालांवरचा, कपाळावरचा. बोटांनी उडतो तसा. पुसून पुसून.

मुखवटा पालथा होता; खण नुसता मागून गुंडाळलेला, झाकायला नव्हे. तोंड उघडंच ठेवलं होतं.

१७ सप्टेंबर

मुक्तिदिन. पडेगावच्या शाळेनं झेंड्याला बोलावलं. भाषण नाकारलं, पण गेलो. पोरींचं लेझीम झालं. मैदानात धुरळा उठला, उन्हात पिवळा दिसत होता. मुख्याध्यापक कौतुकानं म्हणाले, "काय जोश आहे बघा!"

फाटकापाशी वच्छलाबाई नातीचा हात धरून उभ्या होत्या. त्याही धुरळाच बघत होत्या.

पेढा वाटला. हातात धरून राहिलो. मग त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "खा रं. तिलाबी गोड लई आवडायचं. तुझ्यातला काढून खायची."

खाल्ला.

सप्टेंबर, महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस

पुढं दोन्ही बाळं मांडली. मुलीचा रंग मी लावला नाही, आहे तसाच ठेवला. आशानं सवयीनं माझी खुर्ची आणली. परत न्यायला सांगितली.

आज खाली बसलो.